दोन थापा

मोटरसायकल जुनीच घ्यायची, हे आमचं आधीपासून ठरलं होतं. नवी परवडत नव्हती, हे एक कारण. दुसरं असं की नव्या गाड्यांची मागची सीट अरुंद आणि उंच असते, आणि मागे बसणार होती माझी बायको. तिच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण हात राखून. चांगला रस्ता, कमी वेग, आणि दुखलं की लगेच थांबायचं. जोराचे धक्के बसले तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल आणि मग पायांची खात्री देता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चांगला रस्ता मला माहीत आहे."

तो मलाही माहीत होता. पठारावरून सरळ जाणारा, शेवटी समुद्राशी उतरणारा. लग्नाआधी आणि नंतरही त्या रस्त्याने आम्ही कितीदा तरी गेलो होतो. पाठीवर पडून छताकडे बघत काढलेल्या त्या महिन्यांत तिने एवढा एकच बेत केला होता. ती शाळेत भूमिती शिकवते. एकदा आखलेली रेघ ती सहसा खोडत नाही.

गाड्या बघायला आमच्याबरोबर मिस्त्री यायचा. माझ्या आधीच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. पहिली गाडी सुरू केल्याबरोबर निळसर धूर ओकायला लागली. दुसरीची टाकी बाहेरून चकचकीत आणि आतून गंजाचे पापुद्रे सुटलेली. तिसरीचं इंजिन उत्तम होतं, पण बायको मागे बसली आणि घसरत माझ्या पाठीला येऊन टेकली.

"घसरगुंडी आहे ही," ती म्हणाली. "दुसरी दाखवा."

"वहिनी, तुम्ही गाडी बघताय की सोफा?" मिस्त्रीने विचारलं.

"सोफ्याला इंजिन बसवून देणार असाल, तर सोफा."

चौथी गाडी एका निवृत्त ग्रंथपालांकडे होती. तळमजल्याचं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये फक्त ती गाडी आणि एक लाकडी खुर्ची. गर्द हिरवा रंग, एकच सिलिंडर, संथ ठोक्याचं इंजिन. सीट रुंद, सपाट, घट्ट शिवलेली. मागे धरायला लोखंडी कॅरिअर. बायको बसली, पाठ ताठ केली, पाय टेकवून बघितले आणि माझ्याकडे पाहून हसली. शस्त्रक्रियेनंतर तसं हसणं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मिस्त्री उकिडवा बसून चेन ओढून बघत होता. त्याने मागच्या चाकाशी मान वाकवली.

"काका, डबलसीट फार चालवलीत वाटतं?"

"नाही. एकट्यानेच."

"मग मागचे शॉकअप इतके कडक का करून ठेवलेत? दोघं भरभक्कम बसणार असली तर असे ठेवतात."

"मऊ ठेवले की गाडी मागे दबते," काका म्हणाले.

"एकट्याने?"

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "चक्कर मारून बघा. मी मागे बसतो."

यात वावगं काही नव्हतं. अनोळखी माणसाच्या हाती गाडी देऊन कुणी दारात वाट बघत बसत नाही. ते सावकाश मागे चढले, मी निघालो. वस्ती संपून मोकळा रस्ता लागला तसा मी वेग वाढवला. गाडी सुतासारखी सरळ चालत होती. तेवढ्यात माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, त्यांनी हात ठेवला. सपाट तळवा, ऊबदार.

मी मान हलवली. सवयीने.

ही सवय आमच्या दोघांची होती. हेल्मेट आणि वारा यांत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बायकोने फार पूर्वी खुणा ठरवल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. सपाट तळवा म्हणजे सगळं ठीक आहे, चल. आणि त्यावर मी मान हलवायची, म्हणजे तिला कळायचं की मला कळलं. मी वर्तमानपत्रात काम करतो. त्यावरून ती म्हणायची, "ऑफिसात काय थापा मारायच्या त्या मार. गाडीवरच्या थापा माझ्या."

चाचणीहून परत आल्यावर काका उतरले आणि गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. "जमेल तुम्हाला," ते म्हणाले. मी गाडी घेतली.

मिस्त्रीने ती दुरुस्त करून दिली: नवे टायर, नवी चेन, कार्बोरेटरची सफाई. मागचे शॉकअप त्याने बायकोसाठी मुद्दाम मऊ केले. लांबच्या प्रवासाला नेण्याआधी मी रोज सकाळी एकटाच गाडीवर चक्कर मारू लागलो.

पहिल्याच सकाळी, गावाबाहेर पडल्यावर, तो हात पुन्हा पाठीवर आला.

मी गाडी बाजूला घेतली. जॅकेट काढून बघितलं. अस्तर एका जागी दुमडलं होतं. वारा आणि ऊन यांमुळे तिथे ऊब साठत असणार. दुसऱ्या दिवशी मी वेगळं जॅकेट घातलं. हात आला. नंतर एकदा नुसता सुती शर्ट घालून निघालो. त्या दिवशी बोटंही वेगवेगळी जाणवली. मी नकळत मान हलवली, आणि हात निघून गेला. विचारल्याचं उत्तर मिळावं, तसा.

आणखी एक गोष्ट मी मिस्त्रीला सांगितली: मऊ केल्यापासून गाडी मागून दबते. त्याने तपासलं, शॉकअपमध्ये दोष नव्हता. "तुमचं पोट मागच्या बाजूने सुटलंय का बघा," तो म्हणाला.

बायकोला मी हे सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"टाके काढून कितीतरी दिवस झाले, तरी मला ते ओढल्यासारखे वाटायचे," ती म्हणाली. "पाठीला आठवणी असतात रे. इतकी वर्षं माझा हात होता तिथे. जाईल हळूहळू." मग हसली. "तोवर मला मत्सर वाटू देऊ नकोस म्हणजे झालं."

तिचं म्हणणं मला पटलं. माझ्याजवळ याहून चांगलं स्पष्टीकरण नव्हतं.

आम्ही निघालो ती सकाळ स्वच्छ होती. तिने कमरेला पट्टा आवळला होता, वर जाड जॅकेट. गावातल्या गतिरोधकांवर तिने नेहमीसारखी एकेक थाप मारली आणि मी वेग कमी केला. पठारावर चढल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, वर नुसतं आकाश, समोर क्षितिजापर्यंत डांबराची एक सरळ रेघ. इंजिनाचा ठोका एकसारखा पडत होता. आरशात मला तिच्या हेल्मेटची कड दिसत होती. काच वर करून ती वारा घेत होती.

तळवा पाठीवर आला. मी मान हलवली. हा तिचाच, असं मनाशी म्हणालो, आणि मला बरं वाटलं.

पुढे रस्त्याचा एक पट्टा उखडलेला होता. लांबून तो नुसता ओला दिसत होता; जवळ गेल्यावर खडी वर आलेली दिसली. मी वेग कमी करणार, एवढ्यात पाठीवर तळवा आला. ठीक आहे, चल. तिला सोसतंय म्हणजे चिंता नाही. मी मान हलवून तसाच पुढे गेलो. गाडी हादरत होती. तळवा आता निघत नव्हता. मी पुन्हा मान हलवली. तरी तो तिथेच होता, सपाट, स्थिर, जरासा जड.

खडी संपेना. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा मी आरशात बघितलं.

तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडत होती.

तिची मूठ वर गेली आणि माझ्या पाठीवर आदळली. पुन्हा वर गेली. पुन्हा आदळली.

मला मूठ लागली नाही.

मला तळवा लागत होता.

मी ब्रेक दाबला.

ती स्वतःहून उतरू शकली नाही. मी तिला धरून उतरवलं आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली आडवं केलं. पायांची बोटं हलव म्हटलं. तिने हलवली. दोन्ही पायांची. मग मी तिच्या शेजारी मातीत बसलो. खूप वेळ ती डोळे मिटून श्वास घेत होती.

"किती मारलं मी तुला," ती म्हणाली. "दोन. थांबून पुन्हा दोन. मग मोजणंच सोडलं. हात दुखायला लागले माझे."

"मला तळवा जाणवत होता. सपाट."

तिने डोळे उघडले. "मी जीव तोडून मारतेय आणि तू मान हलवतोयस. दर वेळी. हो, हो, असं. मला वाटलं…" ती थांबली. "काय वाटलं ते नको विचारूस."

"अगं, शपथ—"

"माझ्या मुठीखाली तुझं जॅकेट नव्हतं," ती म्हणाली. "आधी मला कळलं नाही. काहीतरी मऊ होतं मध्ये."



परतीची बस आली तेव्हा वाहकाने पुढची सीट तिच्यासाठी रिकामी करवली. मी तिला आधार देऊन चढवलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती गाडी घरी आणू नकोस." बस निघून गेली.

मी काकांना फोन लावला.

"चाचणीच्या वेळी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला होता," मी म्हणालो.

"मी दोन्ही हातांनी कॅरिअर धरून बसलो होतो. गुडघे साथ देत नाहीत माझे."

  मग त्यांनी विचारलं, "सपाटच असतो ना? ऊबदार?"

"तुम्हाला माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"तेवढ्यासाठीच तर मागे बसलो होतो. तुम्हाला जाणवलं, तुम्ही दचकलात, की सांगून टाकायचं आणि परत फिरायचं. पण तुम्ही मान हलवलीत. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. मला वाटलं, तुमची आधीची ओळख असावी."

"तो जातो कसा?"

"जाणार कसा? कुठे थांब म्हणाला असता तर उतरवला नसता का मी?" काकांचा आवाज खाली गेला. "त्याला थांब म्हणताच येत नव्हतं. हात सपाट ठेवायचा, एवढंच त्याला येत होतं."

ऊन कलायला लागलं होतं. गाडी तिथे टाकून जाणं मला जमलं नाही. रस्त्यात कुणीही उचलून नेली असती आणि कुणाला तरी मागे बसवलं असतं. ती मिस्त्रीच्या गॅरेजात उभी करायची आणि तिचे सुटे भाग करायला सांगायचे, असं ठरवून मी निघालो. पठार उतरेपर्यंत पाठ ताठ ठेवून बसलो होतो. पाठीवर काहीच आलं नाही. गाडी मात्र मागून दबलेली होती.

गॅरेजचा रस्ता आमच्या घरावरून जातो. वळण घेताना मला दिसलं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती सुखरूप पोचली होती. मी तसाच पुढे जाणार होतो.

फाटकासमोर पाठीवर दोन थापा पडल्या.

स्पष्ट, बेताच्या जोराच्या. मध्ये तेवढंच अंतर, जेवढं ती ठेवते.

मी थांबलो. विचार करायच्या आत पायाने ब्रेक दाबला होता. इतक्या वर्षांत दोन थापांना मी कधीच न थांबता पुढे गेलो नव्हतो.

मागचं माणूस उतरलं की गाडी जशी वर येते, तशी ती वर आली.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं, हे खरं आहे. गेला, एवढंच मनात आलं. गाडी गॅरेजपर्यंत हलकी, नव्यासारखी चालली. किल्ली मिस्त्रीच्या हातात देताना माझं लक्ष त्याने मऊ केलेल्या शॉकअपकडे गेलं, आणि तो कुठे उतरला ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हेल्मेट हातात घेऊन मी पळत घरी आलो.

दार लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून उभी होती. पट्टा काढून तिने खुर्चीवर टाकला होता. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिचे खांदे सैल झाले.

"मघाशी मी फार बोलले तुला," ती म्हणाली. आवाज रडून झाल्यासारखा, शांत. "आता बरं वाटतंय. नेमकं तिथेच दुखत होतं."

मी दारात उभा होतो. दोन्ही हातांत हेल्मेट होतं.

"काढू नकोस," ती म्हणाली. "राहू दे हात तसाच." आणि तिने सावकाश मान हलवली.