भिंतीतल्या निळ्या मधमाश्या

मागच्या अंगणातून छिन्नीचा आवाज आला आणि नेरिडा अनवाणीच बाहेर धावली. उन्हानं रापलेला एक उंच तरुण विटांच्या सांध्यांतला जुना चुना खरवडत होता. त्यानं पुन्हा छिन्नी टेकवली, तेवढ्यात तिनं आपला तळहात मध्ये घातला.

हातोडी हवेतच थांबली.

"हात काढा," तो म्हणाला. "बोटं जातील."

"तुम्ही छिन्नी काढा. इथं कुणीतरी राहतं."

तो वाकला. चुन्यातल्या भोकातून एक मधमाशी बाहेर आली... गुबगुबीत, पोटावर चमकते निळे पट्टे. त्याच्या नाकासमोर ती क्षणभर थबकली आणि टोमॅटोच्या वाफ्याकडे निघून गेली. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग नेरिडाकडे – जरा जास्तच वेळ.

त्याचं नाव रोरी. घरमालकीण मिसेस पास्को यांनी पाठवलेला गवंडी. नेरिडा तिथं भाड्यानं राहायची. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बाच्या इस्पितळातली तिची नर्सची नोकरी ईस्टरपर्यंतच होती, पुढची ॲडलेडला ठरलेली. चहा घेताना तिनं त्याला सांगितलं, की या माश्या पोळं करत नाहीत. शेजारी शेजारी राहतात, पण प्रत्येकीचं भोक वेगळं. आत पिल्लं असतात, ती हिवाळाभर भिंतीतच झोपून राहतात. रोरीनं तिथूनच मालकिणीला फोन लावला. तेवढी दोन हात भिंत सोडली तरी घर पडत नाही, म्हणाला. बाई कुरकुरल्या. पुढे काही बिघडलं तर स्वतः येऊन फुकट दुरुस्त करीन, असा शब्द त्यानं दिला, तेव्हा कुठे मानल्या.

उरलेली भिंत म्हणजे फार तर आठवड्याचं काम. रोरीनं ते उन्हाळाभर पुरवलं. कधी ऊन फार होतं, चुन्याला तडे जातील. कधी वादळ येणार होतं. नेरिडाला सगळं कळत होतं. तो यायचा त्या दिवशी तीही ड्युटी बदलून घ्यायची आणि सहज घरी असल्यासारखं दाखवायची. त्यांच्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी लव्हेंडरच्या वाळक्या काडीवर पाच-सहा माश्या ओळीनं लटकलेल्या त्याला दिसल्या.

"या घरी का जात नाहीत?"

"ते नवरे आहेत. घरात फक्त बायका. यांनी जबड्यानं काडी धरायची आणि रात्रभर बाहेर लटकायचं."

"बिचारे. कुणी आत ये म्हणत नाही?"

"कुणी विचारत असेल तर म्हणतील ना," ती म्हणाली.

तो हसला. मग हसू हळूहळू मावळलं. त्याचा हात व्हरांड्याच्या कठड्यावर तिच्या हाताशेजारीच होता... चुन्यानं खरखरीत झालेला, अगदी जवळ. तो हात तिथंच राहिला.

"ॲडलेडची नोकरी चांगली आहे?" त्यानं विचारलं.

"खूप."

"हं," तो म्हणाला. त्या 'हं'च्या पुढे काहीतरी येईल म्हणून ती अंधार पडेपर्यंत थांबली.

हिवाळ्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये गारठा पडला. डोंगरावरून धुकं उतरू लागलं, माश्या दिसेनाशा झाल्या. भिंतीचा शेवटचा सांधाही भरून झाला. रोरीनं शिडी गाडीवर बांधली, 'येतो' म्हणाला आणि गेला.

त्यानंतर रस्त्यावर गाडीचा वेग कमी झाला, की नेरिडाच्या हातातला कप तसाच राहायचा. गाडी पुढे जायची. सामान बांधताना ती दर थोड्या वेळानं खिडकीशी जायची आणि स्वतःवरच चिडायची.

निघायला दोन दिवस उरले, तेव्हा मात्र तिला राहवेना. गावाबाहेरच्या जुन्या चर्चचं काम त्यानं घेतलं होतं. ती तिथं गेली. तो परांचीवर होता. तिला पाहून खाली उतरला आणि हात पुसत उभा राहिला.

"मला अडव म्हणून आले नाहीये," ती म्हणाली. "मी जाणार आहे. पण खुशीनं जात नाहीये... एवढं तुला माहीत असावं."

रोरीनं मान खाली घातली. "मी रोज तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत होतो. वाटायचं, चांगली नोकरी मिळालीय, आपण कशाला आड येऊ."

मग त्यानं हळूच विचारलं, "तिकडे जुनी घरं आहेत का? दगडी?"

"गल्ल्याच्या गल्ल्या."

"हे काम जुलैत संपेल." त्यानं मान वर केली. "तोवर... वाट बघशील?"

तिनं त्याचा चुन्यानं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अख्खा उन्हाळा दुसरं काय केलं मी?"