ठमी, विक्रीचं नाव लाइट

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नव्या लॅपटॉपमधून ‘ठमी’ हे नाव शेवटच्या ठिकाणाहूनही पुसलं गेलं.

दोघांची ओळख आठ महिन्यांपूर्वीची, लॅपटॉप कंपनीच्या लिफ्टमधली. तिच्या हातात खोक्यांवर चिकटवायची लेबलं, त्याच्या खांद्यावर टेस्टिंगची बॅग.

"लेबलांवरची ही नावं तुम्ही ठेवता? मग ‘प्लस’ म्हणजे काय हो?"

"कालच्यापेक्षा जरा बरं."

"आणि ‘मॅक्स’?"

"यापुढे आमच्याकडे काही नाही."

"‘लाइट’?"

"काहीतरी काढून घेतलंय… पण मनाला लावून घेऊ नका."

तो इतका हसला, की त्याचा मजला मागे पडला.

मग एकदा कॅन्टीनमध्ये तिच्या आईचा फोन आला. "ठमे, डबा विसरलीस!" आवाज चार टेबलं ओलांडून त्याच्यापर्यंत गेला. नवा लॅपटॉप बाजारात येईपर्यंत टेस्टिंगवाले त्याला एक कामचलाऊ नाव देतात. दुसऱ्या दिवशी नव्या मशीनचं नाव ठरलं — ठमी.

"ठमी आज फार तापलीय," तो तिच्या टेबलाशी येऊन गंभीरपणे सांगायचा.

"कुणीतरी छळत असेल."

"छे! मी नुसता बघत होतो…"

ती मान वर करायची नाही. कान मात्र लाल.

गेल्या सोमवारी त्याच्या हातात पत्र पडलं. तीन वर्षं, दूरच्या कारखान्यात. शुक्रवारी बारापर्यंत होकाराची सही हवी होती.

"थांबू का?" त्याने विचारलं.

ती हातातली लेबलं सारखी करत राहिली. तिच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले; तिला कुठे जाता येणार नव्हतं. कुणाची वाट अडवायचा आपल्याला काय हक्क?

"बोलू नकोस," तो म्हणाला. "विक्रीआधी ठमी सगळीकडून पुसायचं काम तुझंच ना? मी थांबावंसं वाटलं, तर एका ठिकाणी राहू दे. सहीआधी मी बघेन."

चार दिवसांत तिने ते नाव दोनशे बारा ठिकाणांहून पुसलं. दोनशे तेराव्यावर हात थांबला. राहू दिलं.

शुक्रवारी साडेबाराला शेजारच्या टेबलावरच्या ताई आल्या. "अगं, तुझं एक राहिलं होतं बघ! साहेबांच्या नजरेस पडायच्या आत पुसून टाकलं मी. एक चहा लागला तुझ्याकडे."

"कधी… ताई?"

"अकरा वाजून गेले होते. का गं?"

ती जिन्याने धावत खाली गेली. त्याची खुर्ची रिकामी. टेबलावर ठमीचं बंद केलेलं खोकं, वर तिनेच छापलेलं लेबल: लाइट. त्याने सही केली की नाही, तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचा फोन बंद होता. तिने मेसेज केला : ‘ते मी पुसलं नाही.’

चार वाजता मेसेज पोचल्याची खूण आली. वाचल्याची अजून नाही.