मनगटाचा ठसा

गुंजन माझ्या बहिणीची मुलगी, आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला त्वचेचं मॉडेल करायचं होतं आणि घरात एमएस्सी झालेली मी एकटीच. म्हणून गुरुवारी सक्करदऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात आम्ही जिलेटिन आणि ग्लिसरीन मोजून घेतलं. खालचा चरबीचा थर हळदीने पिवळा केला, मधला बिनरंगी ठेवला, वरच्यात चिमूटभर कॉफी घातली. लाल रंग आणायचा राहून गेला, त्यामुळे रक्तवाहिन्या दाखवता आल्या नाहीत.

रंध्रांसाठी मी संत्र्याची साल उमटवणार होते.

"मावशी, एवढाली भोकं? कातडं हाय का चाळणी?" गुंजन म्हणाली.

मी फोन घ्यायला गेले तेवढ्यात तिने अर्धवट गोठलेल्या थरावर स्वतःचं डावं मनगट दाबलं. त्या मनगटावर दोन वर्षांपूर्वी चकल्या तळताना उडालेल्या तेलाने भाजल्याचा, वर आलेला डाग होता. त्यापायी ती मे महिन्यातही पूर्ण बाह्या घालायची. बुरशी येईल म्हणून मी रागावले आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

शुक्रवारी सकाळी मॉडेलवर तो डाग होता. यात नवल नाही. पण उंचवट्याचा ठसा खोलगट उमटायला हवा. हा वर आलेला होता, तीन सेंटिमीटर, चकचकीत.

गुंजनचं मनगट कोरं होतं.

"मलमानं काम केलं बाप्पा!" तिची आई, वंदनाताई, म्हणाली. "तू काहून तोंड पाडून बसली वं, श्वेता? खुश हो ना!"

संध्याकाळी गुंजन अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये पोळ्या शेकत होती. बोलता बोलता तिचं मनगट तव्याला टेकलं आणि तिथेच राहिलं. मी हात ओढला. कातडी लालही झाली नव्हती. ती माझ्याकडे पाहून हसत होती.

मी फ्रिज उघडला. मॉडेलवर, डागाच्या शेजारी, एक फोड आला होता. बोट लावलं. कोमट होता.

"वितळवून टाकू हे," मी म्हणाले. "उद्या मातीचं घेऊन जाय."

"काहून?"

"थर पाहायला परीक्षक कापतील."

"कापू दे ना. मले थोडीच दुखते." तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "अन् वितळवलं तर डाग कुठं जाईल, मावशी?"



शनिवारी मी उठायच्या आत ती डबा घेऊन गेली होती. अकरा वाजता ताईने शाळेकडून आलेला फोटो पाठवला. पहिला नंबर. कापलेल्या मॉडेलचे तिन्ही थर स्वच्छ दिसत होते. मागे गुंजन उभी, अर्ध्या बाह्या, हसरी. ओठ जरा पांढरे वाटले.

मी फोटो मोठा केला.

मॉडेलखालचा पांढरा कागद काठापर्यंत लाल झाला होता.