टकोबाची राणी की टकोबाची पेटी?

टकोबाने चौदाव्या मधपेटीवर एक टकोरा मारला, आणि दुसरा मारायच्या आधीच त्याचं बोट हवेत थांबलं.

केतकी वाट पाहत राहिली. टकोबा नेहमी दोन टकोरे मारायचा, पेटीला कान लावायचा, आतल्या माश्यांची गुणगुण ऐकायचा आणि मग सांगायचा, "राणी आहे, सगळ्या खुशाल आहेत." कधी म्हणायचा, "राणी हरवली, कण्हताहेत." राणी नाहीशी झालेल्या पोळ्यातून टकोऱ्यानंतर एक लांबट, उदास आवाज येतो. तो ओळखायला आत्याआजीनेच त्याला शिकवलं होतं. गेल्या नऊ वर्षांत टकोबाने एक टकोरा मारून काम कधी सोडलं नव्हतं.

"टकोबा, उभ्या उभ्या झोपलास की काय?"

उत्तर नाही. बोट तसंच वर.

केतकी धावत घरी आली. घर कसलं, ते कोयनेच्या जलाशयापलीकडच्या करंजवण वाडीतलं 'मधमाशी श्रवण केंद्र' होतं. केतकीच्या वडिलांची आत्या, म्हणजे तिची आत्याआजी, आयुष्यभर पुण्यात संगणकशास्त्रज्ञ म्हणून काम करून इथे येऊन राहिली होती. टकोबा यंत्रमानव होता. त्याचं शरीर डोंगरउतारावर पेट्यांमध्ये फिरायचं, पण त्याचा मेंदू मात्र घरात, टेबलावरच्या एका जुन्या डेस्कटॉप संगणकात होता. दोघांचं बोलणं बिनतारी चालायचं.

आत्याआजी नुकतीच पोथी वाचून उठत होती. केतकीचा चेहरा पाहून तिने पोथी फडक्यात बांधली आणि काही न विचारता संगणकासमोर येऊन बसली. पडद्यावर एकच ओळ होती : 'या प्रणालीची मुदत संपली आहे.'

"वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. "ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) ज्या कंपनीची होती ती कंपनीच दोन वर्षांपूर्वी बंद पडली. आता तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही."

"मग तू कर ना दुरुस्त."

"कशी करू? ती कुलूपबंद आहे, बाळ. तिच्या आज्ञा वाचायची परवानगी कंपनीने कधी कुणाला दिलीच नाही. आज मी बंद करून पुन्हा सुरू करते, चालेल. उद्या पुन्हा अडेल. एक दिवस उठणारच नाही. त्याआधी दुसरी घालायला हवी."

"नको!" केतकी एवढ्या जोरात ओरडली की खिडकीतली चिमणी उडाली.

"अगं, का नको?"

केतकी पाठ फिरवून उभी राहिली. आत्याआजीनेही ताणून धरलं नाही. टेबलाच्या खणातून तिने तीन पेनड्राइव्ह काढून ओळीने मांडले. "या तीन मुक्तस्रोत प्रणाली आहेत (म्हणजे ज्यांच्या आज्ञा कुणालाही उघडून वाचता, दुरुस्त करता आणि वाटता येतात अशा). एकीचं नाव मोरपीस, दुसरीचं झरा, तिसरीचं पायवाट. टकोबाबरोबर रोज तू काम करतेस. तेव्हा निवड तूच करायची."

"पण फुकट आहेत तर तीन कशाला? सगळ्यांत चांगली एक का नाही ठेवत?"

"चांगली कुणासाठी? तिन्हींच्या पोटात कर्नेल (यंत्र आणि आज्ञावली यांच्यामध्ये बसून कामं वाटून देणारा गाभा) एकच आहे, लिनक्स नावाचा. एकाच पिठाची कुणी भाकरी करतं, कुणी थालीपीठ, कुणी उकडपेंडी. कुणाला दात आहेत, कुणाला नाहीत! आधी चाखून तर पाहू. टकोबाच्या बोलण्या-चालण्याची आज्ञावली मी तिन्हींवर घालून ठेवली आहे. पेनड्राइव्ह लावायचा, संगणक त्याच्यावरूनच सुरू करायचा. आवडलं नाही तर काढून घ्यायचा."

आत्याआजीने मोरपीस लावलं. पडदा असा काही उजळला की केतकी क्षणभर रुसवा विसरली. खिडक्या पिसाऱ्यासारख्या उघडत होत्या, रंग एकमेकांत मिसळत होते. थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. टकोबा खडखडत, दोन पावलांमागे एकदा थांबत दारात आला. त्याने केतकीकडे पाहिलं.

"नमस्कार. आपली ओळख झालेली दिसत नाही. आपलं नाव काय?"

केतकीचे डोळे भरून आले. "बघ! मला माहीतच होतं! राणी बदलली!"

"कुणाची राणी?"

"सहा नंबरच्या पेटीत आपण श्रावणात नवी राणी घातली होती ना," केतकी हुंदके देत म्हणाली. "दोन महिन्यांनी काय झालं? जुन्या माश्या एकेक करून मेल्या, आणि सगळं पोळं नव्या राणीच्या लेकींचं झालं. पेटी तीच, पण आतली एकसुद्धा माशी जुनी नव्हती. प्रणाली म्हणजे टकोबाची राणी! ती बदलली की आतला टकोबा हळूहळू संपणार. बाहेरून फक्त तसाच दिसणार. मला नकोय तसला टकोबा!"

आत्याआजी हसली नाही. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. ती म्हणाली, "विचार पक्का केलायस. फक्त जोडी चुकीची लावलीस. प्रणाली राणी नाही गं, प्रणाली ही पेटी आहे."

"पेटी?"

"पेटीला वाळवी लागली तर आपण काय करतो? नवी पेटी शेजारी ठेवतो, जुनीतल्या चौकटी मधासकट, पिल्लांसकट एकेक उचलून नवीत लावतो. पोळं तेच राहतं. आता मला सांग, आत्ता आपण चौकटी उचलल्या का?"

केतकीने नाक पुसलं. "नाही."

"मग हा तुला ओळखणार कसा? टकोबाच्या नऊ वर्षांच्या आठवणी आतल्या डिस्कवर आहेत. पेनड्राइव्हवरच्या प्रणालीने तो खण अजून उघडलेलाच नाही. ही नुसती रिकामी पेटी शेजारी ठेवलेली आहे."

तिने डिस्कवरचा एक कप्पा फक्त वाचण्यापुरता उघडला. आठवणी साध्या अक्षरांत लिहिलेल्या होत्या. केतकीने एक ओळ मोठ्याने वाचली : "'केतकी, वय चार. पेटी सातजवळ एक चप्पल टाकून पळाली. चप्पल परत दिली. आभार मानले नाहीत.'" मग ती चिडून म्हणाली, "असलं लिहून ठेवतो तो?"

"सगळं लिहून ठेवतो. आणि तेही कुणालाही वाचता येईल अशा साध्या रूपात. पहिल्या दिवशी कंपनीने सांगितलं होतं की आठवणी आमच्याच खास साच्यात ठेवा. मी नाही ऐकलं. एकाच कारखान्याच्या पेटीत बसतील अशा आडमापाच्या चौकटी कशाला करायच्या? उद्या पेटी बदलायची वेळ आली तर मध कुठे न्यायचा?"

केतकीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "मग टकोबाची राणी कोण?"

"ते मला नीट ठाऊक नाही," आत्याआजी म्हणाली. "तुला कळलं तर मला सांग."

आता केतकी खुर्ची ओढून बसली. "मोरपीस नको. टकोबा थांबून थांबून चालत होता."

"का बरं?"

"संगणक म्हातारा झालाय म्हणून?"

"बरोबर. याची रॅम (काम करताना संगणक ज्यावर पसारा मांडतो ती तात्पुरती जागा) लहान आहे. मोरपिसाने निम्मा पाट रंगीत रांगोळीनेच भरून टाकला. ताट कुठे ठेवणार?"

मग झरा लावला. टकोबा तुरुतुरु आला, हात सुरेख हलवले, बोटं मोजून दाखवली. केतकीने टाळी वाजवली. "हीच! हीच घाल, आत्याआजी!" तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली : 'दोनशे चौदा नव्या गोष्टी आल्या आहेत. उतरवून घ्याव्यात.'

"झरा सतत ताजा असतो," आत्याआजी म्हणाली. "जगात कुठेही सुधारणा झाली की दोन दिवसांत त्याच्याकडे येते. पण ते सारं वेळच्या वेळी उतरवून घ्यावं लागतं. महिनाभर घेतलं नाही तर नवं आणि जुनं एकमेकांत अडकून बसतं. आपल्याकडे नेट कधी येतं?"

केतकीचा उत्साह ओसरला. करंजवणला उपग्रहाचा दुवा फक्त सकाळी तासभर मिळायचा, तोही आभाळ स्वच्छ असेल तर. पावसाळ्यात पंधरा पंधरा दिवस काही नाही.

"पण रोज सकाळी बसेन मी. शप्पथ!"

"शपथ नको घेऊस. माझ्या तरुणपणी मी एका चातुर्मासात चार नेम एकदम धरले होते. एकभुक्त, मौन, लक्ष वाती, वर पहाटेचं नदीस्नान. सतराव्या दिवशी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडले, आणि मौन होतं म्हणून कुणाला सांगताही येईना! माझ्या सासूबाई म्हणाल्या, देवाने मागितलं होतं का एवढं? तेव्हापासून एकच नेम धरते, पण मोडत नाही. प्रणाली निवडणं म्हणजे तेच. घालायला अर्धा तास लागतो. पुढे कित्येक वर्षं सांभाळायची असते. आपल्याला झेपेल तीच घ्यावी."

राहिली पायवाट. पडदा साधा करडा, नटणं-मुरडणं काही नाही. वर्षातून दोन-चारदा सुरक्षेच्या दुरुस्त्या उतरवल्या की पुरे, आणि त्या आणखी सात वर्षं मिळत राहणार होत्या. टकोबा ठीक चालत आला. केतकी म्हणाली, "टकोरा मार बघू." त्याचा उजवा हात वर गेला आणि तापात थरथरावा तसा थरथरू लागला. बोट टेबलावर पडलंच नाही.

टकोऱ्याशिवाय टकोबा कसला? आणि पेट्या कोण ऐकणार? चौदा नंबरमध्ये राणी आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

"हाताचा ड्रायव्हर (प्रणाली आणि यंत्राचा एखादा अवयव यांच्यातला दुभाषा) पायवाटेत जुना आहे," आत्याआजी कपाळावर बोट टेकवून म्हणाली. "नवा अजून तिथवर पोचलेला नाही."

केतकी पेनड्राइव्ह उलटेपालटे करत होती. अचानक ती थांबली. "आत्याआजी, झऱ्यात हात नीट चालत होता."

"हो."

"आणि गाभा दोघींचा एकच आहे म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"मग झऱ्यातला दुभाषा उचलून पायवाटेत बसवला तर? पण ती चोरी होईल ना?"

आत्याआजीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू पसरलं. तिने झऱ्यातली ती फाइल उघडली. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं आणि खाली चार ओळी. केतकीने वाचल्या : घ्या, वापरा, बदला, वाटा. फक्त पुढे ज्याला द्याल त्यालाही हाच हक्क द्या.

"कुलूपबंद प्रणालीत हे करता आलं असतं का?" आत्याआजीने विचारलं.

"वाचताच आलं नसतं!"

दुभाषा बसवायला दुपार गेली. दोन्ही गाभ्यांच्या आवृत्त्या थोड्या वेगळ्या होत्या, त्यामुळे सात ठिकाणी डागडुजी करावी लागली. प्रत्येक बदलानंतर केतकी टकोबाला टेबलावर बोट आपटायला लावायची आणि वहीत लिहायची : थरथर कमी, थरथर तशीच, आपटला पण फार जोरात, कप फुटला. सातव्या बदलानंतर बोट हलकेच टेकलं.

मग आत्याआजीने आठवणींचा बॅकअप (जपून ठेवलेली जादा प्रत) घेतला. एक नाही, दोन. एक देवघरात ठेवला, दुसरा ग्रामपंचायतीत पाठवला. "एका घराला आग लागली तर दुसऱ्या घरात मध हवा," ती म्हणाली. जुनी प्रणाली पुसली गेली तेव्हा केतकीने डोळे मिटून घेतले होते. पायवाट डिस्कवर उतरली, आठवणींच्या चौकटी जागच्या जागी लागल्या.

टकोबाने डोळे उघडले.

"मी कोण?" केतकीने विचारलं.

"माश्या शांत करायला धूर स्वतः करायचा, स्वतःच खोकायचं आणि म्हणायचं, टकोबा, धूर कमी कर. ती तू."

शब्द त्याचे होते, पण आवाज परका होता. थोडा जाडसर, एखाद्या काकांसारखा. केतकी गोंधळली. "हा आवाज कुणाचा?"

"जुना आवाज कंपनीचा होता, तो आपल्याला घेता येत नाही," आत्याआजी म्हणाली. "पायवाटेतला हा लोकांनी दान दिलेल्या आवाजांतून घडवलेला आहे."

केतकी संशयाने टकोबाभोवती एक फेरी मारून आली. "ते धुराचं तू वाचून सांगितलंस. त्यात काय मोठंसं!"

"मग तू काय न आठवता सांगतेस?" टकोबा म्हणाला. "चला बाईसाहेब, चौदा नंबर सकाळपासून खोळंबला आहे. सर्दी झालेल्या आवाजात बोललो तरी मला कान आहेत."

आवाज परका, टोमणा मात्र अगदी घरचा! केतकी हसली, मग थोडी रडली, आणि टोपी घेऊन त्याच्यामागे पळाली. चौदा नंबरमध्ये राणी होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मिळालेल्या तासात आत्याआजीने तो सुधारलेला दुभाषा केतकीच्या वहीतल्या नोंदींसह पायवाटेच्या जगभरच्या मंडळींकडे पाठवून दिला, फुटलेल्या कपाच्या नोंदीसकट. नऊ दिवसांनी आसाममधून एक पत्र आलं. पाठवणारी होती बारा वर्षांची रुणुमी. तिच्या आईच्या हातमागावर धागे जोडणारा एक जुना यंत्रमानव होता, त्याचे हात वर्षभर थरथरत होते. 'तुमच्या दुरुस्तीने त्याने काल पहिली गाठ मारली,' असं तिने लिहिलं होतं. 'आता आमच्या शाळेतले अकरा संगणकही कुलूपबंद प्रणालीतून बाहेर काढायचे आहेत. सगळ्यांत चांगली प्रणाली कोणती, ते सांगशील का?'

टकोबा केतकीच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. "लिही, पायवाट. संपलं."

"गप रे. तुला काय कळतंय?" केतकीने कीबोर्ड पुढे ओढला, क्षणभर विचार केला आणि लिहायला सुरुवात केली :

'प्रिय रुणुमी, आधी तू मला सांग. तुमचे संगणक किती जुने आहेत? त्यांच्यावर कोण कोण बसणार आहे? आणि तुमच्याकडे नेट कधी कधी येतं?'