तीन इसम

गेली एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. क्लच कुठे आणि ब्रेक कुठे, ते नंतर. पहिल्या दिवशी मी अपघाताचा धडा देते. ठोकर बसली की गाडी हलवायची नाही. तोंडातून ‘चुकलं’ हा शब्द काढायचा नाही. चारही बाजूंनी फोटो काढायचे, पाहणाऱ्याचं नाव आणि फोन लिहून घ्यायचा. न वाचता सही करायची नाही, आणि वाचून खोटं वाटलं तर मुळीच नाही. लोक हसतात, “मॅडम, शुभ बोला की,” म्हणतात. मग तेच लोक कुठेतरी धडकून, नको तिथे सही करून माझ्याकडे रडत येतात.

या वेळी धडक माझ्याच गाडीला बसली. चालवत होते निवृत्त पोस्टमास्तर. सोळावा धडा, सकाळचे अकरा, दुसरा गिअर. गल्लीतून एक टेम्पो हॉर्न न देता बाहेर आला. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि टेम्पो आमच्या मागच्या दारावर येऊन आदळला.

टेम्पोवाला उतरला. मी बाह्या सरसावून तयार होते, पण तो माझ्याकडे आलाच नाही. मागच्या फुटक्या काचेशी वाकून म्हणाला, “मावशी, लागलं नाही ना?”

मागे कोणी नव्हतं. माझी छत्री होती. “नाटकं पुरेत,” मी म्हणाले, आणि धड्याबरहुकूम चौदा फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी मी आणि पोस्टमास्तर पोलीस चौकीत गेलो, तिथे कळलं की आम्हीच गाडी रिव्हर्स घेऊन टेम्पोवर घातली, असं टेम्पोवाल्याने ठोकून दिलंय. रस्त्यावर पाहणारं कुत्रं नव्हतं. शिकवणाऱ्याची चूक ठरली की शिकवायचा परवाना रद्द होतो. नवऱ्याचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून तो घरीच असतो. आमचं घर त्या एका परवान्यावर चालतं.

हवालदारांनी पंचनामा पुढे सरकवला. मी वाचला. अर्थातच वाचला. ‘गाडीत एकूण तीन इसम.’

“दोन,” मी म्हणाले.

त्यांनी सुस्कारा टाकून नवा कागद घेतला आणि सावकाश पुन्हा सगळं लिहिलं. तीन.

“अहो, दोन! मी आणि हे!”

“टेम्पोवाला तीन म्हणतो. हेही तीनच म्हणतात.” त्यांनी पेन पोस्टमास्तरांच्या दिशेने हलवलं.

पोस्टमास्तर खुर्चीत चुळबुळले. “म्हणजे... तुमच्या आई, मॅडम. मागे असतात ना.”

“कधी?”

“रोजच. मी नमस्कार करूनच बसतो की.”

ते मात्र खरं होतं. गाडीत बसताना ते रोज मान झुकवून हात जोडायचे. मला वाटायचं, गाडीला जोडतात. नवशिक्यांच्या एकेक तऱ्हा मी पाहिलेल्या आहेत.

“माझ्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली! आणि सोळा दिवसांत तुम्ही हे एकदाही बोलला नाहीत?”

“तुम्ही त्यांच्याशी एक अक्षर बोलत नव्हता,” ते ओशाळून म्हणाले. “म्हटलं, घरचा मामला. आपण कशाला नाक खुपसा?”

मी कपाळाला हात लावला. मग फोन काढून हवालदारांपुढे ठेवला. “हे घ्या. चौदा फोटो आहेत. दाखवा, कुठे आहे तिसरी!”

त्यांनी चष्मा वर सारून एक फोटो नीट पाहिला. “उंच आहेत, नाही?” ते म्हणाले. “डोकं छताला टेकतंय.”

माझी आई माझ्या खांद्याला लागायची. मी फोन ओढून घेतला. सीट होती, छत्री होती, काचेचा चुरा होता. दुसरं काहीच नव्हतं. तिघांना दिसतं आणि मला एकटीला दिसत नाही, तर वेडं कोणाला म्हणायचं, हे मला त्या क्षणी ठरवता येईना.

“कशाला वाद घालता?” हवालदारांनी फाईलमधून एक कागद काढला. “त्यांनी सकाळीच जबाब दिलाय. चालत आल्या, एकट्या. याच खुर्चीत बसल्या होत्या.”

मी खुर्चीच्या कडेला सरकले.

जबाब चोख होता. दुसरा गिअर. हॉर्न नाही, रिव्हर्स नाही. शिकवणाऱ्या बाईंनी वेळेवर ब्रेक दाबला, दाबताना एक शिवी दिली. शिवी कोणती, तेही लिहिलं होतं.

ती मी मनातल्या मनात दिली होती.

“या जबाबावर तुम्ही सुटता,” हवालदार म्हणाले. “फक्त त्या तुमच्या होत्या, हे लिहून द्यायचं. अनोळखी बाईला शिकवणीच्या गाडीत बसवलं म्हटलं, तर परवाना त्यावरूनही जाईल.”

मजकूर तयारच होता. ‘सदर महिला माझ्या घरच्या असून माझ्या संमतीने गाडीत होत्या.’ पुढे नात्याची जागा कोरी होती.

“इथे काय?”

“ते त्या भरतील.”

“हे खोटं आहे.”

“मग नका करू सही. माझं काय जातंय?”

एकोणीस वर्षं मी लोकांना जे बजावत आले, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. घरी रिकामा बसलेला नवराही आठवत होता. मी सही केली.

संध्याकाळी सहाला घरी पोचले. नवऱ्याने दार उघडलं. मी आत जाऊन चपला काढल्या.

तो दार धरून तसाच उभा राहिला. मग जरा बाजूला सरकला. मग त्याने दार लावलं.

“आधी कळवायचंस तरी,” तो माझ्या कानाशी पुटपुटला आणि स्वयंपाकघरात गेला.

येताना ट्रेमध्ये पाण्याचे दोन पेले होते. एक मी उचलला आणि खाली फरशीकडे बघत बसले.

“अजून आणू का?” त्याने अदबीने विचारलं.

माझा पेला अजून काठोकाठ भरलेला होता.