शेवटची फळी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझी ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. ती गणिताची बाई. पडताळा घेतल्याशिवाय ती काही बोलतच नाही.

गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार. शेवटचा तास. शाळेची कम्प्युटर रूम.

पाचवीच्या मुलांना ताई गेम खेळवून गणित शिकवायची. नदीवर पूल बांधायचा. गणित सुटलं की एक फळी बसते. पण खेळ जोडीनेच चालायचा. दोघांनी आपापल्या कीबोर्डवर एकदम बटण दाबायचं, तरच फळी हलते.

त्याच वर्गात चिमणी नावाची मुलगी होती. तिची जोडीदारीण सहामाहीनंतर तापाने गेली. तेव्हापासून चिमणीने तोंडाला कुलूप लावलं होतं. गेममधून त्या मुलीचं नाव काढायचं मात्र राहून गेलं. पेपर, वह्या, मीटिंगा... ताईला मान वर करायला फुरसत नव्हती. तू नुसती बघत बस, असं तिने चिमणीला सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी घंटा झाली, पोरं पळाली. ताई वह्या तपासत होती.

टकटक चालूच होती...

चिमणी एकटीच बसली होती. आवाज मात्र दोन कीबोर्डांचा येत होता.

ताई जवळ गेली. वीसपैकी एकोणीस फळ्या बसलेल्या. शेजारची खुर्ची रिकामी.

कितीतरी दिवसांनी चिमणी हसली. "बाई, आता एकच राहिली. मग मी पलीकडे जाणार. ती थांबलीय माझ्यासाठी."

पोरीला घरी पोचवून ताई परत आली आणि तिने गेममधलं त्या मुलीचं नाव पुसलं.

सकाळी नाव जागच्या जागी...

चिमणीची जागा बदलून पाहिली. तरी शेवटच्या तासाला ती तिथेच सापडायची. एकदा तर बोट बटणावर टेकलेलं होतं. ताईने वेळेवर हात धरला.

मग ताईच त्या जागी बसू लागली. शेजारचं बटण आपोआप खाली जातं... ताई मुद्दाम चुकीचं उत्तर देते. फळी बसत नाही.

चिमणी आता सहावीत आहे. बोलते, भांडते, नव्या मैत्रिणी झाल्यात.

ताई मात्र रोज बसते. एक रजा नाही. अंगात ताप असला तरी जाते.

काल जेवताना घास हातातच राहिला तिचा.

"वाईट नाही गं ती," ताई म्हणाली. "एकटी आहे बिचारी. आणि मी फार दमलेय. बरोबर उत्तर येतं ना मला..."

रात्रभर माझा डोळा लागला नाही.

आत्ता तिचा शेवटचा तास चालू आहे. मी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी आहे. उगीच आपली.