बोटांना कळलेलं

गरम पाण्यातून पिळून काढलेल्या पंच्याची घडी इल्मारीनं तिच्या गालावर ठेवली आणि साइमीचे डोळे आपोआप मिटले... इतक्या वर्षांनी त्याचा हात आपल्याला लागतोय, या जाणिवेनंच तिचं अंतःकरण असं भरून आलं, की कानापाशी ठणकणारी कळसुद्धा क्षणभर तळ्याच्या पलीकडच्या काठावर निघून गेल्यासारखी वाटली.

इल्मारी तिचा सावत्र मुलगा. तरुणपणी घर सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. पण वसंतापासून साइमीचा जबडा आखडला. काळा पाव चावायला गेलं की सणक थेट मस्तकात जाई. ती नुसत्या ताकावर राहू लागली, तेव्हा गावातल्या नर्सनं तिला न विचारता त्याला फोन केला. हाड शाबूत आहे, सांध्याचे स्नायू ताणलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेकायचं, हलक्या बोटांनी चोळायचं, मऊ खायचं... आणि दात दातांवर दाबायचे नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, असं नर्सनं त्या दोघांनाही बजावलं होतं.

तो आला तो केवळ कर्तव्य म्हणून. त्यानं लाकडं फोडली, जवाची लापशी शिजवली आणि हवापाण्यापलीकडे एक शब्द काढला नाही.

खिडकीबाहेर बर्चची पानं निवांत हलत होती, तळ्यावरचा उजेड छतावर लहरत होता, आणि त्या उबेत साइमी कुठल्या कुठे वाहत चालली... त्या उजेडात तिला छोटा इल्मारी दिसला. धक्क्यावर बसलेला, कुठे बोटीच्या इंजिनाचा आवाज आला की ताडकन उठणारा. त्याचे वडील कालेवी दुसऱ्या बाईबरोबर स्वीडनला निघून गेले होते. पोराकडे मागे वळून न बघता! एके दिवशी त्या पोरानं अगदी हळू विचारलं होतं, की मी त्रास द्यायचो म्हणून बाबा गेले का? साइमीच्या काळजाचं पाणी झालं. ‘नाही रे, मीच हाकललं त्यांना,’ ती म्हणाली होती. त्या दिवसापासून पोरानं वाट बघणं सोडलं आणि तिचा द्वेष धरला. तिनं तो द्वेष मुकाट्यानं सोसला, दात घट्ट आवळून त्याला लहानाचं मोठं केलं...

पंचा निवला. इल्मारीनं तो बाजूला ठेवला आणि तिच्या कानाखाली बोटं टेकून हलके गोल चोळू लागला. स्नायू लोण्यासारखा सैल होत होता. तेवढ्यात त्यानं, तिच्याकडे न बघता, विचारलं,

“बाबांना का घालवलंस तू?”

“दारू प्यायचा,” ती अर्ध्या उघड्या तोंडानं म्हणाली. “मीच जा म्हटलं.”

त्याची बोटं थांबली. त्यांच्याखाली तिचा जबडा दगडासारखा घट्ट झाला होता.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं.

“खोटं बोलतेस तू. माझ्या बोटांना कळतंय.”

साइमीच्या मिटल्या पापण्यांतून आसवं ओघळली.

“गेला तो, बाळा... आपणहून. तू स्वतःला दोष देत होतास. म्हटलं, त्यापेक्षा माझ्यावर राग धर. राग धरून पोर जगतं. आपण कुणाला नकोसे आहोत, हे मनात घेऊन कसं जगलं असतं?”

त्यानं हात काढून घेतला. दार उघडल्याचा, मग धक्क्यावरच्या फळ्यांचा आवाज आला. गेला... तिला वाटलं, हाही गेला. ती तशीच पडून राहिली. छतावरचा उजेड सावकाश भिंतीवर उतरला.

किती वेळानं कोण जाणे, तो परत आला. तळ्याच्या पाण्यानं धुतलेला चेहरा अजून ओला होता, डोळे लाल होते. त्यानं नवं पाणी तापवलं, पंचा पिळला आणि तिच्या गालावर अलगद धरला.

“हिल्लाला फोन केला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “माझी मुलगी. आपल्याला आजी आहे, हे तिला आज कळलं. उद्या येते म्हणाली.”

“तिला काय आवडतं?”

“दालचिनीचे पाव. पण ते तिच्यासाठी हं. तू मुकाट्यानं लापशी खायची.”

साइमीला हसू आलं, आणि हसताना दुखलंही. मग त्या उबेत तिला हळूहळू झोप लागली... ओठ मिटलेले, दात सुटे. पंचा पुन्हा निवला, तरी इल्मारीनं हात काढला नाही.